राइडआधी कॉफी किती? मित्राचा डोस कॉपी करू नका

चोर्ला घाटाच्या सायकल राइडला मी एकदा मित्राचं बघून दोन मग कडक कॉफी आणि वर कॅफीनवालं एनर्जी जेल असं सगळं मारलं, तो गाणी म्हणत वर गेला आणि मी केरी सोडून जरा पुढे आलो तर हात थरथरतायत, पोट ढवळतंय, शेवटी कठड्यावर बसलो.

कॅफीन यकृतात मोडतं, ते मोडणाऱ्या एन्झाइमचा जीन, सीवायपी1ए2, सगळ्यांचा सारखा नसतो. टोरोंटोत 101 पुरुष खेळाडूंना 10 किमी सायकल मारायला लावली (पेपर 2018 चा), वजनाच्या दर किलोला 4 मिग्रॅ कॅफीन दिल्यावर फास्ट मोडणारे जवळपास 7 टक्के सुधारले आणि सगळ्यात स्लो गट उलट 13-14 टक्के मागे पडला! पण नंतरच्या काही अभ्यासांत इतकं स्पष्ट दिसलं नाही, म्हणून जीन टेस्टवर पैसे घालू नका, टायरची ट्यूब घ्या त्यात.

स्वतःवरच ट्राय करा. पुस्तकी डोस किलोला 3 ते 6 मिग्रॅ, राइडच्या तासभर आधी, पण सुरुवात 2 पासून करा. म्हणजे 65 किलोवाल्याला 130, साधारण दोन कप इन्स्टंट कॉफी. चहात कमी असतं आणि टपरीवाला किती उकळतो त्यावर बदलतं, त्यामुळे हिशोबाला चहा नको.

ट्रायला रूट चढाचाच घ्या, रायबंदरच्या कॉजवेवर वारा फिरला की टायमिंगला अर्थ राहत नाही. दर रविवारी तीच वेळ, तोच नाश्ता, आदल्या रात्री झोप पुरेशी. आणि खरी गंमत इथे आहे, घरच्यांना सांगा की कधी साधी कॉफी द्या कधी डिकॅफ (कॅफीन काढलेली), कुठली ते त्यांनी वहीत लिहायचं, तुम्हाला सांगायचं नाही, नाहीतर मन आधीच ठरवतं की आज पाय हलके आहेत. दोन्हीच्या तीन-तीन राइड झाल्या की मगच वही उघडा. एका राइडवरून काही ठरवू नका, गोव्यातली दमट हवा एकटीच टायमिंगची वाट लावते.

फायदा दिसला तर 3 वर जा, नाही दिसला तर सोडून द्या, बिघडत नाही काही. संध्याकाळच्या राइडला मात्र जपून, अर्धं कॅफीन उतरायलाच साधारण 5 तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याहून बरेच जास्त. छातीत धडधड किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

माझ्या वहीत 2 ला फायदा, 4 ला धडधड. मित्र अजून 5 वरच आहे, आणि मस्त झोपतो लेकाचा.