सी अँड ओ कालवा पायी करायचाय? मग कंबरलँडहून निघा

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत, पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालवा जातो, 184.5 मैल, म्हणजे साधारण 297 किलोमीटर. कालव्याला लागून जी वाट आहे ना, टोपाथ म्हणतात तिला, तिच्यावरून खेचरं दोर लावून बोटी ओढायची. 1924 च्या पुरानंतर बोटी बंद पडल्या, वाट मात्र टिकली.

मैलांचे खांब जॉर्जटाउनपासून मोजलेत म्हणून बरेच जण तिथूनच निघतात. माझं ऐकाल तर उलटं करा. आधी ट्रेनने कंबरलँड गाठा आणि मग चालत परत या, कारण दिवसातून एकच गाडी असते आणि शेवटी ती पकडायची म्हटलं की सगळे दिवस घड्याळाकडे बघण्यात जातात, उलट आलात तर पाऊस लागला, पाय दुखले, एक दिवस जास्त गेला तरी काही बिघडत नाही. 1954 मध्ये कालव्यावर हायवे होऊ नये म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस चालले तेही याच दिशेने, आणि 1971 मध्ये हा कालवा नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झाला.

दिवसाला 13-14 मैल धरले तर दोन आठवडे लागतात. 74 लॉक (बोटी वर-खाली करायचे दरवाजे असलेले हौद) मिळून उतार फक्त 605 फुटांचा, म्हणजे वाट सपाटच, आणि लोक फसतात ते इथेच. सपाट वाटेवर पाय दिवसभर एकाच जागी घासतो, चढ-उतार नाही म्हणून बदल नाही, फोड येतातच. जड बूट घेऊ नका, हलके आणि जरा सैल शूज घ्या, आणि दर दोन तासांनी मोजे काढून पाय सुकवा, आळस करू नका.

राहायला वाटेत हायकर-बायकर कॅम्पसाइट, म्हणजे चालणाऱ्या आणि सायकलवाल्यांसाठी तंबूच्या जागा आहेत, फुकट, बुकिंग नाही, एका जागी एकच रात्र. तिथे हातपंप असतो, पाण्याला आयोडीनचा वास येतो पण पिता येतं. पंपाचं हँडल काढलेलं दिसलं तर पाणी टेस्टमध्ये नापास झालंय असं समजा. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तर पंप बंदच असतात, त्यामुळे फिल्टर आणि जादा बाटली हवीच. कचऱ्याचे डबे नाहीत, सगळं सोबत परत न्यायचं.

कंबरलँड ते हॅनकॉक या पहिल्या 60 मैलांत दुकानांच्या भरवशावर राहू नका, चार-पाच दिवसांचं खाणं पाठीवर ठेवा. नंतर विल्यम्सपोर्ट, शेफर्डस्टाउन, हार्पर्स फेरी, ब्रन्सविक अशी गावं लागतात.

कंबरलँड-हॅनकॉकच्या टप्प्यातच पॉ पॉ बोगदा आहे, 3118 फूट लांब, हेडलॅम्प हाताशी ठेवा, आत खरंच काळोख असतो. आत गेलात की कठड्यावर हात फिरवा, दोरांनी घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतात. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.

गवतात गोचीड आणि पॉयझन आयव्ही (हात लागला तर खाज सुटते अशी वेल) दोन्ही आहेत, रोज रात्री अंग तपासा. आणि शेवटचा दिवस आधीच ठरवून ठेवा, कारण स्वेन्स लॉकनंतर कॅम्पसाइट नाही, तिथून 16.6 मैल एका दमात जायचं असतं. शून्याचा खांब जॉर्जटाउनला बोटहाऊसच्या मागे आहे, वाटेवरून सहज दिसत नाही, शोधावा लागतो.