मिगचा टाका बिघडला तर आधी काय पाहावं?

मिग म्हणजे गॅसच्या आवरणात, आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने केलेलं वेल्डिंग. त्याचा टाका, म्हणजे जोडावरची वितळून बसलेली रेघ, बिघडला की बहुतेकांचा हात थेट व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. चार वेळा नॉब फिरवला की मूळ सेटिंग हरवतं आणि दोष जागेवरच राहतो. काल चांगली चाललेली मशीन आज बिघडली, तर दोष बहुधा गॅस, तारेचा मार्ग किंवा अर्थिंग यांतच सापडतो. म्हणून याच क्रमाने तपासा आणि नॉबला हात शेवटी लावा. खालचं सगळं आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस, ईआर 70 एस-6 ची भरीव तार आणि लोखंडी कामासाठी आहे. वाळूज एमआयडीसीतली शेड असो की गावातलं ट्रॉली-नांगराचं वर्कशॉप, क्रम तोच.

टाक्यात भोकं पडतात

टाका मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार निघाला, तर वितळलेल्या लोखंडात हवा शिरते आहे. गॅसचा प्रवाह मिनिटाला 10 ते 15 लिटर हवा. भोकं दिसली म्हणून तो 25 च्या पुढे नेऊ नका. जोराच्या झोताने भोवरे तयार होतात आणि बाहेरची हवाच आत ओढली जाते.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत या भोकांचं मोठं कारण म्हणजे कूलर. वारा ताशी 8 किलोमीटरच्या पुढे गेला की गॅसचं आवरण फाटतं, आणि कूलरसमोर तेवढा वारा सहज असतो. कूलरचं तोंड वळवा. उघड्यावर काम असेल तर वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा.

सिलेंडरचा काटा गॅस किती उरला ते सांगत नाही. आत सीओटू द्रवरूपात असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो, 20 अंशांना साधारण 57 बार. 31 अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. आपल्या उन्हाळ्यात काटा वर दिसतो आणि सिलेंडर भरलेला वाटतो. खात्री वजनाचीच: सिलेंडर वजनकाट्यावर ठेवा आणि त्याच्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. एक किलो सीओटूपासून सुमारे 540 लिटर गॅस मिळतो, म्हणजे 12 लिटरच्या प्रवाहाला प्रत्यक्ष 45 मिनिटांचं वेल्डिंग. सिलेंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला ठेवा.

रेग्युलेटरवर बर्फ धरला आणि फ्लोमीटरमधली (प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली) गोळी खाली-वर व्हायला लागली, तर गॅस गरम करणारा हीटर चालत नाही. हीटरवर लिहिलेले व्होल्ट आणि मशीनच्या सॉकेटचे व्होल्ट जुळतात का, तेही पाहा. गळती तपासायची तर सिलेंडर बंद करा आणि ट्रिगर न दाबता पाच मिनिटं काटा पाहा. काटा खाली आला तर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. टॉर्चचं, म्हणजे हातातल्या गनचं, नोझल काढून आतलं स्पॅटर (उडून चिकटलेले लोखंडाचे थेंब) खरवडा. नोझलच्या आतल्या, गॅस सगळीकडे पसरवणाऱ्या डिफ्यूझरची बारीक भोकं बुजली तर गॅस एकाच बाजूने येतो.

जुन्या ट्रॉलीवर ग्रीस, रंग, गंज आणि वाळलेला चिखल असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंनी 25 मिलिमीटर चकचकीत लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडर मारा. जीआय पाइपावरचा जस्ताचा थरही असाच काढा. त्याचा पांढरा धूर श्वासात गेला तर ताप येतो.

तार अडखळते, टिपेला चिकटते

आधी कॉन्टॅक्ट टिप (तार जिच्यातून बाहेर येते ती तांब्याची टोपी) काढून ट्रिगर दाबा. तार जिवंत असते, तिला हात लावू नका. तार सरळ धावली तर दोष टिपेत. 0.8 च्या तारेला 0.8 ची टिप हवी. भोक लांबट झालं असेल तर टिप बदला. तरीही अडखळली तर मशीन बंद करा, रोलर उघडा आणि टॉर्चच्या टोकाकडून तार हाताने ओढा. जड लागली तर लायनर (केबलमधली तारेची नळी) घाण झाला आहे, नाहीतर स्पूलचा, म्हणजे तारेच्या रिळाचा, ब्रेक फार कसलेला आहे. ट्रिगर सोडल्यावर स्पूल जेमतेम पाव फेरा फिरून थांबला पाहिजे.

फीडरचं (तार पुढे ढकलणाऱ्या भागाचं) झाकण उघडून रोलरखाली नीट पाहा. तिथे लालसर तांब्याचा भुगा साचलेला दिसला, तर रोलर तार सोलतो आहे: दाब जास्त आहे किंवा खाच चुकीच्या मापाची आहे. हाच भुगा लायनरमध्ये जातो, वरून काळ्या मातीची धूळ बसते, आणि शेवटी रोलरपाशी तारेचा गुंता होतो. भरीव लोखंडी तारेला व्ही खाच. दाब सैल करून सुरुवात करा. लाकडी फळीसमोर 5 ते 7 सेंटिमीटरवर टॉर्च धरा, तार फळीला लागून वाकत येत राहील इतकाच दाब द्या. दर नव्या स्पूलला लायनरमधून हवा मारा. पावसाळ्यात रात्री स्पूल काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. गंजलेली तार ना नीट सरकते, ना नीट जळते.

आर्क तुटतो, स्पॅटर फार उडतं

अर्थ क्लॅम्प (कामाला लावायचा अर्थिंगच्या वायरचा चिमटा) रंगावर किंवा गंजावर लावलेला असतो, हे नेहमीचं. काम थांबवल्यावर क्लॅम्प तापलेला लागला तर पकड खराब आहे. भरीव तारेला टॉर्च प्लसवर हवी. मग भाराखालचे व्होल्ट मल्टिमीटरने मोजा. 230 च्या लाइनवर आर्क सुरू होताच काटा 200 च्या खाली जात असेल, तर मशीनला दोष देऊ नका. लांब एक्स्टेन्शनला किमान 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरा.

आता नॉब

सीओटूसाठी सुरुवातीच्या व्होल्टचा हिशेब: अँपिअर गुणिले 0.05, अधिक 14. म्हणजे 3 मिलिमीटरच्या पत्र्याला 0.8 च्या तारेने 120 अँपिअर, तर 20 व्होल्ट. तिथून अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने हला. टिपेपासून कामापर्यंत 10 ते 12 मिलिमीटर अंतर ठेवा. सलग चरचर आवाज आला तर सेटिंग जमलं. तार कामाला ठोकते आहे असं हाताला जाणवलं तर व्होल्ट कमी आहेत. तारेच्या टोकाला मोठा गोळा बनून उडत असेल तर जास्त.

टाक्याच्या कडेला खाच पडली तर व्होल्ट उतरवा किंवा हात हळू करा. पातळ पत्रा जळत असेल तर मागे तांब्याची पट्टी धरा आणि तुटक टाके मारा.

दोरीसारखा उंच आणि देखणा टाका सर्वांत घातक, कारण तो नुसता वर बसलेला असतो. उसाच्या ट्रॉलीच्या हूकला असा टाका भर रस्त्यात सुटू शकतो. 6 मिलिमीटरहून जाड प्लेटला दोन्ही कडा 30 अंशांत तासून 2 मिलिमीटर फट ठेवा. मग चाचणी म्हणून त्याच जाडीच्या दोन तुकड्यांचा टी-जोड एकाच बाजूने वेल्ड करा आणि हातोड्याने टाक्यावर दुमडा. लोखंड फाटलं तर सेटिंग बरोबर. टाका सोलून निघाला आणि खाली प्लेटचा सपाट पृष्ठ तसाच दिसला, तर हूकला अजून हात लावू नका.