सायकलचं मागचं चाक दर चार दिवसांनी पंक्चर : शेवटी सापडलेलं कारण

रात्री हवा भरलेली, सकाळी मागचं चाक बसलेलं. तीन आठवड्यांत पाच पंक्चर. दोनदा दुकानात पॅच मारला, एकदा नवी ट्यूब टाकली, टायरमधून बोटही फिरवून पाहिलं. काही लागलं नाही. पार वैतागलो होतो.

शेवटी हे केलं. चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हच्या शेजारी टायरवर खडूने खूण केली आणि ट्यूब कोणत्या बाजूने बसली आहे तेही लक्षात ठेवलं. सगळा शोध या खुणेवर उभा आहे, ती चुकवू नका. मग ट्यूब फुगवून बादलीत बुडवली. बुडबुडे व्हॉल्व्हपासून 31 सेंमीवर, टायरकडच्या अंगाला. (छिद्र रिमकडच्या अंगाला असतं तर रिम टेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी पट्टी, आणि ती टोकं तपासावी लागली असती.)

खुणेपासून टायरवर तेवढंच अंतर मोजलं आणि तिथे आतून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी कापसाचे धागे अडकले. टायर उलटा वाकवल्यावर केसाएवढी बारीक तार दिसली. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडतात, त्यातली असते ही. वजन पडलं की टोचते, बोटाला मात्र लागत नाही. ती बाहेरच्या बाजूने चिमट्याने ओढून काढली.

ट्यूब पॉलिश पेपरने घासली, सोल्यूशन लावून पाच मिनिटं सुकू दिलं, मगच पॅच दाबला. ओल्यावर लावलेला पॅच सुटतो.

आज चाळीसावा दिवस, हवा टिकून आहे.