सातपुड्यातील गाडवाटा खुल्या ठेवायच्या असतील तर

चार वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही हौशी चालक आठ जीपगाड्या घेऊन चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्याकडे जाणाऱ्या गाडवाटेने वर गेलो होतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि खालचा अर्धा किलोमीटर निव्वळ काळी माती होती. पहिल्या दोन गाड्यांनी वाटेत हातभर खोल चाकोऱ्या पाडल्या, तिसरी रुतली, आणि मागच्या पाच जणांनी ती चुकविण्यासाठी शेजारच्या तुरीच्या वावरातून गाड्या काढल्या. आठ दिवसांनी त्या जागी कमरेइतका खंदक खणलेला होता व त्याच्या तोंडाशी बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या. वावराच्या मालकांना भेटायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुम्ही तर निघून जातात भाऊ, पाणी मंग आमच्या वावरात शिरतं." चाकोऱ्यांतून वाहत आलेल्या पाण्याने तुरीच्या चार ओळी मुळासकट नेल्या होत्या. त्या खंदकाने आमच्या गाड्या थांबल्याच, परंतु वरच्या अंगाला शेती असलेल्या तीन कुटुंबांच्या बैलगाड्याही थांबल्या. पुढे जे लिहिले आहे ते त्या चुकीची भरपाई करताना शिकलेले आहे.

हौसेने गाडी चालविण्याचा स्वतंत्र हक्क जमीन महसूल संहितेत किंवा वन अधिनियमात कोठेही दिलेला नाही, हे आधी मान्य करावे. वाटेवरचा खरा हक्क शेतकऱ्याचा, गुराख्याचा आणि पाड्यावर राहणाऱ्या माणसाचा आहे. ज्या वाटेने बैलगाडी, ट्रॅक्टर आणि १०८ ची रुग्णवाहिका जाते तीच वाट टिकते, आणि ती टिकली तरच आपल्या गाड्यांनाही जागा मिळते. म्हणून वाट वाचविण्याचे काम पाड्याची वाट म्हणून, पाड्यातील लोकांच्या मागे उभे राहून करावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम म्हणजे वाटेखालची जमीन कोणाची आहे हे टप्प्याटप्प्याने शोधणे. सातपुड्याकडे चढणारी एकच वाट बहुधा आधी गावठाणाजवळून, मग शेतकऱ्यांच्या जमिनीच्या गटांमधून, नंतर गायरानातून आणि शेवटी राखीव वनातून जाते, आणि या प्रत्येक टप्प्याला वेगळे कार्यालय व वेगळा कायदा लागू होतो. मोबाइलवर वाटेचा मार्ग नोंदवून तो गावनकाशावर बसवावा. गावनकाशाची नक्कल तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून मिळते. नकाशावर तुटक दुहेरी रेषा असेल तर तो गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा असेल तर पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साधारणतः साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. जेथे जुनी एकेरी रेषा आहे तेथे गाडीमार्गाचा दावा करण्याचा मोह टाळावा, कारण एक खोटा दावा उघडा पडला की बाकीच्या खऱ्या दाव्यांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा डोंगराच्या यात्रेची वाट ही पायी चालणाऱ्यांची वाट आहे, आणि तेथे गाडी नेण्याचा आग्रह कोणीही धरू नये.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि काही गावांच्या गटनकाशांवर जुन्या वाटा उमटल्याच नाहीत. अशा वेळी एकत्रीकरणापूर्वीच्या सर्व्हे नकाशाचीही नक्कल मागावी आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावे. सातबाऱ्यावरील पोटखराबा, म्हणजे गटातील लागवडीबाहेरचे क्षेत्र, हेही वाचावे. लागवडीला अयोग्य म्हणून सोडलेली जमीन 'अ' वर्गात येते, तर रस्ता, मान्य पायवाट किंवा पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन 'ब' वर्गात येते. ज्या गटातून वाट जाते त्या गटात 'ब' वर्गाचा पोटखराबा दाखविलेला असेल, तर तो वाटेच्या बाजूचा चांगला पुरावा ठरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवरही गाडीवाटा व पायवाटा वेगवेगळ्या खुणांनी दाखविलेल्या असतात. ते नकाशे हक्काचा पुरावा नसले, तरी वाट किती जुनी आहे हे त्यांतून दिसते. ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळाला आहे का, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात विचारावे.

वनातील टप्प्यासाठी बीटच्या, म्हणजे त्या हद्दीच्या, वनरक्षकापासून सुरुवात करावी, मग वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांना भेटावे. खान्देशाच्या सातपुड्यात यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याचा मेवासी असे वनविभाग आहेत, आणि प्रत्येक विभागाची स्वतःची कार्य आयोजना, म्हणजे वनव्यवस्थापनाचा आराखडा, असते. आपली वाट तिच्या नकाशात वनरस्ता म्हणून आली आहे का, हे लेखी विचारावे. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून एका अर्जात एकच वाट घ्यावी.

राखीव वनात विनापरवाना प्रवेश करणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. त्याच अधिनियमातील कलम २५ मात्र फारच थोड्या लोकांनी वाचलेले असते. राखीव वनातील सार्वजनिक किंवा खाजगी वाट बंद करता येते, परंतु त्यासाठी राज्य शासनाची किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते आणि सोयीची पर्यायी वाट आधीपासून असावी लागते किंवा करून द्यावी लागते. म्हणून पूर्वापार वाट बंद झाली तर संघर्षाची भाषा न वापरता, मंजुरीचा आदेश कोणता आणि पर्यायी वाट कोणती, हे दोनच प्रश्न पाड्याच्या ग्रामसभेने लेखी विचारावेत. नवी रोपवाटिका किंवा रोपवन झाल्यामुळे वाट बंद झाली असेल तर तेथे हट्ट करू नये. रोपवनाच्या कडेने जागा मिळते का, एवढेच पाहावे. वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, परंतु हा मार्ग पाड्याच्या गरजेसाठी आहे, आपल्या सहलीसाठी त्याचा आधार घेऊ नये.

अभयारण्याचा नियम याहून कडक आहे. रावेर तालुक्यातील पाल गावाच्या परिसरातील यावल अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य येथे सार्वजनिक महामार्गावरून जाणे सोडल्यास, बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय प्रवेश नाही. तेथील आतल्या वाटा मिळविण्याच्या प्रयत्नात वेळ घालवू नये.

अमेरिकेत वन खात्याने २००५ साली असा नियम केला की, प्रत्येक राष्ट्रीय वनाने गाड्यांसाठी खुल्या असलेल्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध करावा आणि त्या नकाशात नसलेली वाट गाड्यांना बंद समजावी. त्यानंतर तेथील हौशी चालकांना वाटा नकाशावर आणण्यासाठी बैठकींना बसावे लागले. आपल्याकडे असा एकत्रित नकाशा नाही, म्हणूनच तालुक्याच्या कपाटातील जुने कागद एवढे मोलाचे आहेत.

कागदाबरोबर वापराची नोंदही ठेवावी. आम्ही शंभर पानी वही घेतली आणि पाड्यावरील एका तरुणाने ती वर्षभर लिहिली: कोणत्या दिवशी कोणाची बैलगाडी गेली, कपाशीचा ट्रॅक्टर कधी उतरला, बाळंतीण कोणत्या गाडीतून खाली नेली, शाळेची मुले कोणत्या महिन्यांत या वाटेने चालत गेली. या वहीत आमच्या जीपगाड्यांच्या नोंदी मुद्दाम लिहिल्या नाहीत. ज्येष्ठ माणसांचे जबाब पोलीस पाटलांसमोर लिहून घ्यावेत, वाटेची रुंदी टेपने मोजावी आणि दर शंभर पावलांवर तारखेसह छायाचित्र काढावे. पण हे सर्व समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण नेमका मार्ग सर्वांना मिळाला की पाड्याला न विचारता येणाऱ्या गाड्या वाढतात.

महसुली जमिनीवर कोणी वाट अडवली, तर दावा करण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे, हे लक्षात ठेवून त्याला मदत करावी. जुनी वाट अडवल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत भांडण मिटेल या आशेवर निघून जाते, आणि असे होताना मी स्वतः दोनदा पाहिले आहे. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे, आणि त्यावरील निर्णय मान्य नसल्यास एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. गावाच्या सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण झाले असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे ग्रामपंचायतही ते काढू शकते.

तरीही बहुतेक वाटा कचेरीत हरण्याआधी चाकाखाली हरतात. काळ्या मातीची परीक्षा सोपी आहे. गाडीतून उतरून वाटेवर टाच दाबावी, आणि ती अंगठ्याच्या पेराएवढी खाली गेली तर गाडी मागे वळवावी. मुरमाची वाट पाऊस थांबल्यावर लवकर तयार होते, काळी माती होत नाही, म्हणून पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत काळ्या मातीच्या वाटा सोडून द्याव्यात. चाके जागच्या जागी फिरू लागली की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, आणि गाडी रुतली तर मागच्या गाडीने बाजूने वाट न काढता थांबून दोर लावावा. नाला नेहमी बैलगाडीच्या उताराजवळच ओलांडावा. चढावर चाकोरीतून पाणी वाहू लागले असेल तर तिचा ओघळ होण्याआधी दगडांची तिरपी ओळ टाकावी: प्रत्येक दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडलेला, वरचा भाग चाक सहज चढेल इतका, आणि खालच्या टोकाला पाणी झुडपांत सोडणारी मोकळी जागा. अशा ओळीला पहिल्याच जोराच्या पावसात उभे राहून पाहावे. पाणी वळणावर न वळता दगडांवरून उडी मारत असेल तर ओळ अधिक तिरपी करावी लागते. वनहद्दीत मात्र दगड हलविण्यापूर्वीही वनविभागाकडून लेखी परवानगी घ्यावी.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. या दिवसांत वाळलेल्या गवतात तापलेला सायलेन्सर नेऊ नये, विडी-सिगारेट आणि चूल तर मुळीच नको. महू, म्हणजे मोहाची फुले, वेचायला निघालेल्या बायका याच वाटांवर पहाटे भेटतात, त्यांच्यासमोर धूळ उडवू नये. गाडीची नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र सोबत असावे, कारण लोकांना येण्याजाण्याचा हक्क असलेली डोंगरी वाटही मोटार वाहन अधिनियमाच्या दृष्टीने सार्वजनिक जागाच आहे.

त्या पाड्याच्या वाटेचे काम अखेर ग्रामसभेत झाले. २ ऑक्टोबरच्या सभेत आम्ही तुरीची भरपाई आधी दिली, मग बोललो, आणि खंदक बुजवून वाटेच्या तोंडाशी साखळीचे फाटक लावण्याचा ठराव शेतकऱ्यांनीच मांडला. फाटकाची एक किल्ली पोलीस पाटलांकडे आणि दुसरी वरच्या तीन कुटुंबांकडे असते. बैलगाडीला व रुग्णवाहिकेला ते केव्हाही उघडते, आम्हाला दिवाळीनंतर, आदल्या दिवशी फोन केल्यावर आणि एका वेळी चारच गाड्यांसाठी. दर मार्गशीर्षात आम्ही एक रविवार फावडी घेऊन त्या वाटेच्या दगडी ओळी नीट करायला जातो, आणि दुपारची भाकरी त्याच तुरीच्या वावराच्या बांधावर होते.