लाळग्रंथीचं ऑपरेशन: या चुका टाळा

कानाच्या पाळीखाली गाठ दिसली की घरात पहिला शब्द निघतो ‘गालगुंड’, आणि लगेच लेप. गालगुंड दुखतं, ताप आणतं, आठवडा-दहा दिवसांत उतरतं. महिनोन्महिने न दुखता तिथेच बसलेली, हळूहळू वाढणारी गाठ ते नव्हे. लाळग्रंथीच्या सुमारे ८० टक्के गाठी कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीत होतात आणि त्यातल्या बहुतेक साध्या असतात, हे खरं. पण प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा ही त्यातली नेहमीची साधी गाठ वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर कधीकधी कॅन्सरकडे झुकते. गाठ एकाएकी वाढली किंवा तोंड वाकडं झालं, तर थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाक-कान-घसा विभाग गाठा.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे, ‘एवढीशी तर आहे, इथंच भूल देऊन काढून टाका.’ चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून फांद्या फुटत जाते. शिवाय गाठ नुसती सोलून काढली तर कण मागे राहतात आणि काही वर्षांनी एकीच्या जागी चार बारीक गाठी उगवतात. तेव्हाचं ऑपरेशन नसेला जास्त धोक्याचं. म्हणून आधी सोनोग्राफी आणि बारीक सुईची तपासणी, लागल्यास एमआरआय. मग नस शोधून, ती जपत, भोवतालच्या ग्रंथीसकट गाठ काढायची. सुई टोचली की गाठ ‘पसरते’ म्हणून तपासणीच टाळणारे भेटतात. खरं तर टाळायचं असतं ते कापून तुकडा काढणं. तोंड वाकडं होईल या धास्तीने ऑपरेशन पुढे ढकलणंही उलटच: गाठ जितकी मोठी, तितकी नस वाचवणं कठीण.

आंबटाचा घोळ वेगळाच. जेवायला बसलं की जबड्याखाली फुगतं आणि तासाभरात ओसरतं, तर बहुधा लाळेच्या नळीत खडा आहे. तिथे भरपूर पाणी, शेक, मालीश आणि लिंबाची फोड उपयोगी. बारीक खडा कधी आपसूक सुटतो, नाहीतर दुर्बिणीने काढता येतो. ताप आणि पू असेल तर मात्र घरगुती उपाय थांबवा. पॅरोटिडच्या ऑपरेशननंतर याच्या उलट: जखमेतून लाळ झिरपू नये म्हणून डॉक्टर काही दिवस आंबट बंद करतात. अशा वेळी शेजारीण प्रेमाने तोराचं (कोवळ्या कैरीचं) लोणचं घेऊन आली, तर बरणी झाकून ठेवा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. ऑपरेशननंतर डोळा नीट मिटत नसेल तर थेंब आणि रात्री पट्टी हवीच. नस शाबूत असेल तर ही कमजोरी सहसा काही आठवड्या-महिन्यांत भरून येते. पुढे कधी जेवताना गालाला घाम फुटला तर घाबरू नका, त्यावर इलाज आहे.

आणि काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या. तो न बघताच टाके काढून घरी गेलेले कितीतरी. गाठ दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकते, तेव्हा तो कागद लागतो. आपल्या पावसाळ्यात फायलीला बुरशी धरते, म्हणून फोनमध्ये फोटोही काढून ठेवा.