खाऱ्या वाऱ्यात बाणाला टोक कुठलं लावावं?

परदेशात डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीला वापरतात ती पात्यांची टोकं ऑनलाइन बघून मागवू नका. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि सरावाच्या फोमचा ती दोन दिवसांत चुरा करतात. साधं निमुळतं टोक पुरे.

टोकाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. 100 ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. मालवण-रत्नागिरीकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा थोडं जड टोक बरं. मात्र टोक जड झालं की बाणाची काडी सुटताना जास्त वाकते, म्हणून वजन एकदम वाढवू नये. टोक लावलेला बाण बोटावर आडवा तोलून पाहा. 30 इंची काडीचा तोल मधोमधपासून 3 ते साडेचार इंच पुढे, म्हणजे काडीच्या लांबीच्या 10 ते 15 टक्के टोकाकडे आला, तर ठीक.

आता गंज. साधं पोलादी टोक इथे एका पावसाळ्यात तांबूस होतं. स्टेनलेसचं महाग, पण तेच घ्या. पुसून कोरडं ठेवावं लागतंच.

लक्ष्यामागे जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नको. टोक जांभ्यावर आपटलं तर ते वाचेलही, पण त्यामागची कार्बनची काडी आतून चिरलेली असू शकते. ती चेहऱ्यापासून लांब धरून हलकेच वाकवा, पिळा. कट्-कट् आवाज आला तर तो बाण पुन्हा धनुष्याला लावायचा नाही, कितीही महाग असो.