नातेवाईक घर सोडत नाही? त्याला बाहेर काढताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक रागाच्या भरात होते. भाचा संध्याकाळी बाहेर गेलेला असतो, मामा दाराचे कुलूप बदलतात आणि त्याची बॅग, चपला, औषधांची पिशवी जिन्यात नेऊन ठेवतात. घर मामांच्या नावावर असले, तरी त्या रात्रीपासून तक्रारदार भाचा होतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याला संमतीविना आणि कायद्याचा मार्ग सोडून स्थावर मालमत्तेच्या ताब्यातून काढले गेले, तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा मुद्दा आड येत नाही. पाहुण्याच्या राहण्याला ‘ताबा’ म्हणायचे का, यावर वाद घालता येतो, पण तो कोर्टात आणि आपल्याच खर्चाने घालावा लागतो. वीज किंवा पाणी तोडण्याचेही तसेच आहे.

दुसरी चूक म्हणजे सगळे तोंडी ठेवणे. ‘आता बघ बाबा तुझं तू’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकवले जाते, पण त्याचा पुरावा कोठेच नसतो. नातेवाईक परवानगीने राहत असेल, तर ती परवानगी आपण मागे घेतली आहे हे लेखी कळवावे, घर सोडण्याची तारीख द्यावी आणि नोटीस पोहोचल्याची पोच जपून ठेवावी. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ नुसार, परवानगी संपल्यावर अशा माणसाला जागा सोडण्यास व सामान हलवण्यास वाजवी मुदत मिळण्याचा हक्क आहे. म्हणून ‘उद्या सकाळपर्यंत निघ’ असे लिहू नये. त्यानंतरही तो हलला नाही, तर दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा हाच सरळ मार्ग उरतो.

पुष्कळ कुटुंबे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात की, अमुक मुलाशी आमचा संबंध उरलेला नाही. आईवडिलांनी हे किती जड मनाने केलेले असते, याची मला कल्पना आहे, तरीही स्पष्ट सांगायला हवे की अशा नोटिशीने मुलगा घराबाहेर निघत नाही आणि वडिलोपार्जित मिळकतीत त्याचा वाटा असेल तर तोही संपत नाही. म्हणून घर स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, याची कागदपत्रे आधी तपासावीत. वडिलोपार्जित असेल तर प्रश्न बाहेर काढण्याचा राहत नाही, वाटणीचा होतो.

साठ वर्षे पूर्ण केलेल्या आईवडिलांनी थेट दिवाणी दाव्याच्या मागे लागण्यापूर्वी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा विचार करावा. महाराष्ट्रात उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल तेव्हा न्यायाधिकरण घर सोडण्याचा आदेश देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात म्हटले आहे. मात्र अर्जात केवळ ‘मुलगा त्रास देतो’ एवढेच लिहिणे ही मोठी उणीव ठरते. कोणत्या तारखेला शिवीगाळ झाली, कोणत्या महिन्यात औषधाचे पैसे अडवले, पोलिसांकडे कधी नोंद केली, हे क्रमाने यावे.

याच निकालाची दुसरी बाजू सुनेबाबत आहे, आणि तिथे फार चुका होतात. मुलाला काढण्याच्या निमित्ताने सुनेलाही त्याच अर्जात गुंडाळले जाते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यातील कलम १७ तिला सामायिक घरात, म्हणजे ती कुटुंबासोबत राहत आली त्या घरात, राहण्याचा हक्क देते. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, आणि ज्येष्ठांचा कायदा वापरून तो हक्क परस्पर मोडता येत नाही. काही वेळा तर मुलाने बायकोला बाहेर काढण्यासाठी आईवडिलांना पुढे केलेले असते. असा अर्ज करू नये.

पैशांबाबत सावध राहावे. दरमहा ठरावीक रक्कम घेऊन पावतीवर ‘भाडे’ लिहिले, की समोरचा भाडेकरू असल्याचा दावा करू लागतो. उलट, बारा वर्षे राहिल्याने तो मालक होईल, ही भीती अनेकांना विनाकारण असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मारिया मार्गारिडा प्रकरणात स्पष्ट केले आहे की, नातेवाईक, मित्र किंवा राखणदार म्हणून मोफत राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षे झाली तरी मिळकतीत हक्क मिळत नाही.

मारहाण किंवा धमकी असेल, तर नोटिशीच्या मुदतीची वाट पाहू नये. ११२ वर फोन करावा, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पोलीस ताब्याचा वाद दिवाणी म्हणून बाजूला ठेवतील, पण मारहाणीची तक्रार त्यांनी घ्यायलाच हवी.

जाण्याच्या दिवशी सामानाची यादी करून दोन साक्षीदारांसमोर सह्या घ्याव्यात आणि किल्ल्या परत घ्याव्यात. त्यानंतर आठवड्याभराने ‘फक्त दोन रात्री’ म्हणून तो दारात उभा राहतो, आणि आईचे मन वितळते. त्याला भेटावे, पैशांची मदत करावी, दुसरीकडे राहण्याची सोय लावून द्यावी, पण घरात मुक्कामाला घेऊ नये. घेतल्यास नव्याने परवानगी दिली असे मानले जाऊ शकते आणि नोटिशीपासून सगळे पुन्हा करावे लागते.